मेडिकल असिस्टंटचा कोर्स: पाचपैकी चार स्टार, आणि एक का कापला

या महिन्यातला तिसरा मेसेज काल आला, "ताई तू तो मेडिकल असिस्टंटचा कोर्स केलास ना, मी करू का?" म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवते. मी न्यू जर्सीत राहते, एच-फोरवर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर बायकोला मिळतो तो व्हिसा) आले, सांगलीत बीएस्सी मायक्रो झालेलं, ईएडी म्हणजे नोकरी करायचा परवाना हातात आल्यावर इथल्या काउंटी कॉलेजातून मेडिकल असिस्टिंगचा वर्षभराचा प्रोग्रॅम केला, मग सीएमएची (सर्टिफाईड मेडिकल असिस्टंट) परीक्षा दिली आणि आता तीन वर्षं झाली, एका फॅमिली प्रॅक्टिसमध्ये काम करतेय. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण खाली थोडं वाईटही लिहिणार आहे आणि ज्या बाईंमुळे मी चार स्टार देतेय त्यांनाही त्यात ओढायचं नाही.

आधी हे काम म्हणजे नक्की काय ते सांगते, कारण घरी फोनवर सांगितलं की मी सीएमए झाले तर मामांना वाटलं अकाउंट्समधलं काहीतरी, भारतात सीएमए म्हणजे कॉस्ट अकाउंटंट ना. आणि नुसतं एमए म्हटलं की विचारतात कशात केलंस. इथे एमए म्हणजे मेडिकल असिस्टंट, दवाखान्यात तुम्हाला वेटिंग रूममधून हाक मारून आत नेते ती. वजन, बीपी, पल्स, टेम्परेचर, ऑक्सिजन, औषधांची यादी तपासणं, अ‍ॅलर्जी विचारणं, आज कशासाठी आलात ते लिहून घेणं, मग डॉक्टर बघून गेल्यावर रक्त काढणं, ईकेजी (आपला ईसीजी), लस, इंजेक्शन, रेफरल, रीफिलचे फोन, सगळं. लहानपणी आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे कंपाउंडरकाका होते, पुड्या बांधायचे, नंबर लावायचे, कोणाला किती दिवस ताप आहे ते डॉक्टरांच्या आधी त्यांना माहीत असायचं. मला तेच आठवतं. नर्स मात्र नाही हं, हे पहिल्या दिवसापासून डोक्यात घाला, याबद्दल पुढे लिहिते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पैसे भरण्याआधीचं. सर्टिफिकेट वेगळं आणि सर्टिफिकेशन वेगळं. मी पहिल्यांदा एका प्रायव्हेट इन्स्टिट्यूटमध्ये चौकशी केली होती, पंधरा आठवड्यांत सर्टिफाईड व्हाल असं फोनवर सांगितलं, मी जवळजवळ कार्ड काढलंच होतं, तेवढ्यात नवऱ्याने विचारलं की सर्टिफाय कोण करणार, तर समोरची बाई गडबडली आणि म्हणाली आमचंच सर्टिफिकेट मिळतं. म्हणजे कोर्स पूर्ण केल्याचा कागद. सीएमए हे नाव अमेरिकन असोसिएशन ऑफ मेडिकल असिस्टंट्स देते, ही १९५६ पासूनची संस्था आहे, आणि त्यांच्या परीक्षेला बसायचा सरळ रस्ता म्हणजे सीएएएचईपी किंवा एबीएचईएस या कोर्स तपासणाऱ्या संस्थांची मान्यता असलेला प्रोग्रॅम. दोघांच्याही वेबसाईटवर यादी असते, राज्य टाकायचं आणि बघायचं, पाच मिनिटांचं काम आहे. इतर संस्थांच्याही परीक्षा आहेत, सीसीएमए, आरएमए वगैरे, त्याही बऱ्याच ठिकाणी चालतात, त्या करणाऱ्या माझ्या ऑफिसात आहेत आणि उत्तम काम करतात. पण कुठलंच सर्टिफिकेशन पदरात पडणार नाही असा कोर्स करू नका. न्यू जर्सीत तर डॉक्टरांनी इंजेक्शन द्यायचं काम असिस्टंटकडे सोपवायचं असेल तर ती सर्टिफाईड लागते असा राज्याचा नियमच आहे, त्यामुळे नुसत्या कागदावर गेलात तर फ्रंट डेस्कवरच बसवतील.

बरं, कोर्स. ॲनाटॉमी, मेडिकल टर्मिनॉलॉजी, फार्माकॉलॉजीचं थोडं गणित, कायदा, बिलिंग, लॅब. मायक्रोमुळे मला ॲनाटॉमी आणि लॅब सोपं गेलं, टर्मिनॉलॉजी तर मजेत गेली, हे म्हणजे शब्दांचे संधी सोडवल्यासारखं आहे, पुढे हायपो आलं की कमी, मागे आयटिस आलं की सूज, एकदा फोड करायला जमलं की अनोळखी शब्दाचीही भीती वाटत नाही. पण चार स्टार यासाठी नाहीत. चार स्टार क्लिनिकल लॅबसाठी आणि ती शिकवणाऱ्या बाईंसाठी.

पहिला पूर्ण महिना त्यांनी आम्हाला फक्त हाताने बीपी घ्यायला लावलं. मशीन कपाटात कुलपात. दोन जणांनी एकाच वेळी ऐकता येईल असा डबल कानांचा ट्रेनिंग स्टेथोस्कोप असतो, तो लावून त्या शेजारी बसायच्या आणि आम्ही जो आकडा सांगू तो त्यांच्याशी जुळला तरच वहीत सही. आमच्यातली एक मुलगी १३५ म्हणाली तर त्यांनी डायल तिच्यासमोर धरला आणि म्हणाल्या यात १३५ कुठे आहे ते दाखव. नव्हताच. त्या डायलवर रेघा दोन-दोनच्या असतात, म्हणजे हाताने घेतलेलं बीपी विषम आकड्यात येऊच शकत नाही, म्हणजे ती अंदाजे बोलली होती. त्या रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या की तुझ्या या आकड्यावर कोणीतरी गोळी लिहिणार आहे. माझ्या अंगावर काटा आला होता, अजूनही कोणाच्या दंडाला कफ, म्हणजे बीपीचा पट्टा, गुंडाळताना ते वाक्य आठवतं.

आणि नुसता आकडाच नाही, आधीची तयारी. पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात हृदयाच्या पातळीला टेबलावर, बोलायचं नाही, ब्लॅडर भरलेलं नको, कफ उघड्या दंडावर, स्वेटरच्या बाहीवरून नाही. आधी मनगटाची नाडी धरून हवा भरायची, नाडी कुठे गायब होते ते बघायचं, मग त्या आकड्याहून ३० ने वर जाईपर्यंत भरायचं आणि सेकंदाला दोन-तीनच्या वेगाने सोडायचं. हे वाचायला रटाळ वाटेल, करायला तर आणखी वाटतं, पण सांगते काय झालं ते.

नोकरी लागल्यावर दुसऱ्या का तिसऱ्या महिन्यात एक जाडसर काका आले, पार्किंग मिळेना म्हणून धावत आलेले, आधीच्या दोन व्हिजिटला बीपी जास्त, आणि डॉक्टर आज डोस वाढवायच्या विचारात. भिंतीवरच्या मशीनला रेग्युलर कफ होता, तोच लावला गेला, १५६. मी कफ बघितला तर त्याच्यावर जी रेंजची रेघ असते तिच्या बाहेर जात होता. लार्ज कफ शोधून आणला, तो दुसऱ्या खोलीतल्या ड्रॉवरमध्ये तळाशी होता, काकांना पाच मिनिटं एकटं शांत बसवलं, हाताने घेतलं, १३६. परत घेतलं, १३४. डॉक्टरांना तिन्ही आकडे आणि कुठला कफ ते लिहून दिलं. त्यांनी डोस वाढवला नाही, घरी मोजून वही आणायला सांगितलं. २०२३ साली जामा इंटर्नल मेडिसिनमध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांचा अभ्यास आला होता, १९५ माणसांवरचा, ज्यांना एक्स्ट्रा लार्ज कफ लागतो त्यांना रेग्युलर लावला तर वरचा आकडा सरासरी १९.५ ने जास्त येतो, लार्जवाल्यांना जवळपास ५ ने. मी तो प्रिंट काढून ब्रेकरूममध्ये लावला आणि त्यानंतर प्रत्येक खोलीत तीन साईजचे कफ आले. हे मी करू शकले ते त्या एका महिन्यामुळे, त्यामुळे कोणी मला विचारलं की कोर्स चांगला आहे का, तर मी उलट विचारते की तिथे हाताने किती वेळा करून घेतात? रक्त काढणं, ईकेजीचे दहा इलेक्ट्रोड बरोबर जागी लावणं, लस देणं, सगळ्याला हेच लागू.

आता कोर्समध्ये नव्हतं पण आपल्या लोकांमुळे मला शिकावं लागलं ते. आमच्या भागात मराठी, गुजराती, तेलुगू घरं खूप, उन्हाळ्यात सगळ्यांचे आई-वडील येतात. औषधांची यादी करायला बसलं की प्लास्टिकची पिशवी उघडते आणि त्यातून कात्रीने कापलेल्या स्ट्रिप निघतात, सहा गोळ्या हव्या होत्या म्हणून केमिस्टने सहाच कापून दिल्या, नाव ज्या बाजूला होतं ती बाजू सांगलीत किंवा साताऱ्यात राहिली. "पांढरी छोटी बीपीची, गुलाबी रात्रीची." इथल्या सॉफ्टवेअरमध्ये भारतातली ब्रँडची नावं सापडत नाहीत, टेल्मा टाकलं तर काही येत नाही, टेल्मिसार्टन टाकावं लागतं, ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन, थायरोनॉर्म म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. इकोस्प्रिन ७५ ची असते आणि इथली छोटी ॲस्पिरिन ८१ ची. पॅन-डी मध्ये जो डी आहे तो डॉमपेरिडोन, त्याला इथे एफडीएची मान्यताच नाही, त्यामुळे ते लिहिलं की डॉक्टरांना तोंडीही सांगते. मी एक वही केलीय या नावांची, मग ती टाईप करून डॉक्टरांकडून तपासून घेतली आणि आता ऑफिसातले सगळे वापरतात.

एक प्रसंग सांगतेच. एक काकू गुडघ्यासाठी घरून आणलेली डोलो ६५० दिवसातून तीनदा घेत होत्या आणि सुनेने आणून दिलेली टायलेनॉलही घेत होत्या, कारण इथे बाटलीवर ॲसिटॅमिनोफेन लिहितात आणि आपल्याकडे पॅरासिटामॉल. दोन्ही एकच आहे हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. मी त्यांना काही न बोलता आधी बाहेर जाऊन डॉक्टरांना सांगितलं, कारण किती घ्या, बंद करा हे सांगायचं काम माझं नाही. डॉक्टरांनी आत येऊन समजावलं. हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांचे आई-बाबा येणार आहेत त्यांनी स्ट्रिप कापून आणू देऊ नका, आणि प्रिस्क्रिप्शनचा फोटो फोनमध्ये ठेवा, एवढं जरी केलंत तरी माझ्यासारखीचा आणि तुमचाही वेळ वाचेल. काढा, चूर्ण, होमिओपॅथी सगळं सांगा. "ते औषध थोडंच आहे" असं म्हणून लपवू नका, आम्ही ते लिहून ठेवतो, हसत नाही.

आता ते नर्स नाही वालं. एमए ने पेशंटला सल्ला द्यायचा नाही, रिपोर्टचा अर्थ सांगायचा नाही, फोनवर लक्षणं ऐकून "काही नाही, उद्या या" असं तर अजिबात म्हणायचं नाही. ऐकायचं, लिहायचं, पोचवायचं. कोर्समध्ये यावर एक चॅप्टर होता, खरी परीक्षा मात्र गणपतीत झाली. मंडळाच्या आरतीनंतर एका ओळखीच्यांनी बाजूला घेऊन विचारलं, "आईचे रिपोर्ट आलेत म्हणे, तू बघितलेस ना, कसे आहेत तेवढं सांग." मी बघितले होते. चांगले नव्हते. पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा हिपाचा कायदा १९९६ चा आहे, पण कायद्यापेक्षाही मला त्या आईंचा चेहरा दिसत होता, त्यांनी मुलाला सांगायचं की नाही हे अजून ठरवलेलं नव्हतं. मी म्हटलं दादा, मला ऑफिसबाहेर कोणाचंच काही बोलता येत नाही, आई आमच्याकडे येतात की नाही हेसुद्धा. ते नाराज झाले, दोन महिने बोलले नाहीत. पुढे त्यांची आई स्वतः म्हणाली तुझ्यावर विश्वास आहे म्हणून मी तुझ्याकडेच बीपी घेते, मला तेवढं पुष्कळ झालं. आपल्याच वस्तीत नोकरी करणार असाल तर याची तयारी ठेवा, कारण आपल्याकडे विचारणं म्हणजे आपुलकी आणि न सांगणं म्हणजे शिष्टपणा समजतात.

आता एक स्टार का कापला. ऑफिसचा अर्धा दिवस जातो फोन आणि इन्शुरन्समध्ये, आणि ते कोर्समध्ये जवळपास शिकवलंच नाही. प्रायर ऑथरायझेशन म्हणजे डॉक्टरांनी एमआरआय किंवा महागडं औषध लिहिलं तरी इन्शुरन्स कंपनीची आधी परवानगी, त्याचे फॉर्म, फॅक्स, होल्डवर थांबणं, नकार आला तर कुठली नोट जोडून परत पाठवायचं. याचं पुस्तकात दीड पान. सॉफ्टवेअरही कॉलेजात एक खोटं-खोटं ट्रेनिंगचं होतं, खऱ्या ऑफिसात गेल्यावर पहिले दोन आठवडे मला बटणंच सापडत नव्हती, सोबतच्या एक सीनियर एमए आहेत, वीस वर्षांच्या अनुभवाच्या, त्यांनी स्वतःचा लंच सोडून शिकवलं. आणि प्रॅक्टिकम. मान्यता असलेल्या प्रोग्रॅमला किमान १६० तास खऱ्या दवाखान्यात काम करून घ्यावं लागतं, आमचे तास बिनपगारी होते, ते मान्यच होतं, पण जागा कुठली ते फक्त तीन आठवडे आधी कळलं आणि ती चाळीस मिनिटांवर. बस नाही. ज्यांच्याकडे गाडी नव्हती त्यातल्या एकीला ते सेमिस्टर सोडावं लागलं, वर्षभर मेहनत केलेली मुलगी, मला अजून वाईट वाटतं. कॉलेजने हे ॲडमिशनच्या वेळी सांगायला हवं होतं. प्रॅक्टिकम स्वतः मात्र उत्तम, मला नोकरी त्याच ठिकाणच्या डॉक्टरांच्या ओळखीतून लागली.

परीक्षेबद्दल पटकन. २०० प्रश्न, त्यातले १८० मोजतात, चाळीस-चाळीस मिनिटांचे चार भाग, मध्ये एकूण वीस मिनिटं ब्रेक. माझी फी १२५ डॉलर होती. अवघड नाही पण वेळ कमी वाटतो, आणि ॲडमिनवाला भाग हलक्यात घेऊ नका, आम्हा सायन्सवाल्यांचे मार्क तिथेच जातात. सर्टिफिकेशन ६० महिने चालतं, मग कंटिन्युइंग एज्युकेशनचे ६० पॉइंट जमवायचे किंवा परत परीक्षा.

पैसे. पुस्तकं, स्क्रब्ज, सगळं धरून मला सात हजार डॉलरच्या आत पडलं, काउंटीत राहत असल्याचा फायदा. पगाराचं सरकारी आकड्यांप्रमाणे सांगायचं तर मे २०२४ मध्ये देशभरातला मधला पगार वर्षाला ४४ हजार २०० डॉलर होता. आयटीतल्या पगारांशी तुलना केली तर काहीच नाही, आणि दिवसभर उभं राहायचं असतं, पण पहिला चेक आला तेव्हा मी आईला फोन करून रडले होते, चार वर्षं घरी बसल्यानंतरचा माझ्या नावाचा पहिला पगार. पुढे नर्सिंग करायचं मनात असेल तर आधी विचारून घ्या, आमच्या कॉलेजात यातले बरेचसे क्रेडिट नर्सिंगला धरत नव्हते.

एच-फोरवाल्यांनी लक्षात ठेवा, ईएडी २०१५ पासून मिळतं खरं पण नवऱ्याचं आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज) अप्रूव्ह झाल्यावर वगैरे, आणि ते हातात आल्याशिवाय नोकरी नाही, त्यामुळे तारखा बघून सुरुवात करा.

आणि एक गोष्ट जी कोणीच सांगत नाही, लसींचे कागद. प्रॅक्टिकमला जायच्या आधी एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला), कांजिण्या, हिपॅटायटीस बी, टीबी सगळ्याचा पुरावा मागतात, आपल्याकडचं लहानपणीचं कार्ड कोणाकडे असतं? रक्त तपासून इम्युनिटी आहे का ते बघता येतं, ते आधीच करून घ्या. टीबीला कातडीवरची टेस्ट करायला सांगतील, आपल्याला जन्मतः बीसीजी टोचलेलं असतं त्यामुळे ती उगाचच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग छातीचा एक्स-रे, धावपळ, माझ्यासोबत झालं. त्याऐवजी रक्तातून होणारी टेस्ट मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. हिपॅटायटीस बी चा नेहमीचा तीन डोसचा कोर्स सहा महिन्यांचा असतो, म्हणजे सप्टेंबरला कोर्स सुरू करून उन्हाळ्यात प्रॅक्टिकम करायचं असेल तर पहिला डोस आत्ताच घ्या. बाकी काही विचारायचं असेल तर खाली लिहा, शनिवारी दुपारी उत्तर देते, त्या दिवशी आमचा दवाखाना अर्धा दिवस असतो.